टाकी खाली, कार्बोरेटर वर: एका मंडपवाल्यांच्या जनरेटरचे प्रकरण

एप्रिलच्या अखेरीस, लग्नसराई ऐन भरात असताना, खानापूर तालुक्यातील एका मंडपवाल्यांनी आपला पेट्रोल जनरेटर टेम्पोत घालून बेळगावात माझ्या वर्कशॉपला आणला. जनरेटरबरोबर एक गोणीही उतरली. तीत काढून टाकलेले दोन पेट्रोल पंप, एक जुना कार्बोरेटर, चार स्पार्क प्लग आणि एक इग्निशन कॉइल एवढा ऐवज होता. माझ्याआधी या यंत्रावर काय काय उपचार झाले होते त्याची नोंदवहीच म्हणा ना. तक्रार त्यांनी एका वाक्यात सांगितली, "मेस्त्री, लोड नसला की दिवसभर चालतंय बघा, आणि लोड टाकला की तीन-चार मिनटांत गुदमरून मरतंय." त्यांच्या मुलाने त्यात भर घातली की टाकी काठोकाठ भरलेली असली तर जरा बरे चालते. ही भर मी त्या वेळी कानाआड केली आणि त्यापायी माझा एक पूर्ण दिवस वाया गेला.

गोणीतला एकही भाग खरे म्हणजे बिघडलेला नव्हता. दोष मांडणीत होता, आणि मांडणीतला दोष नवा भाग बसवून जात नाही. टाकी खाली आणून पंप लावलेली अशी यंत्रे अधूनमधून माझ्याकडे येतात, म्हणून या एका यंत्राची हकिगत आकड्यांसह येथे देत आहे.

मूळ यंत्र आणि त्यात केलेला बदल

जनरेटर ५ केव्हीएचा, सुमारे ३९० सीसीच्या, एका सिलिंडरच्या, हवेने थंड होणाऱ्या फोर-स्ट्रोक इंजिनावर चालणारा. अशा यंत्रात टाकी इंजिनाच्या डोक्यावर असते आणि पेट्रोल स्वतःच्या वजनाने कॉकमधून कार्बोरेटरच्या वाटीत उतरते. पंप नावाची वस्तूच तेथे नसते. मंगलाष्टके चालू असताना मंडपाच्या कडेला इंजिन धडधडते, ही यजमानांची नेहमीची कुरकुर. तिला कंटाळून मंडपवाल्यांनी उद्यमबागेतल्या एका फॅब्रिकेटरकडून आवाज अडवणारी पत्र्याची पेटी करून घेतली. पेटी टेम्पोत गाद्या आणि खुर्च्यांच्या खाली बसावी म्हणून बुटकी हवी होती, त्यामुळे डोक्यावरची टाकी गेली आणि तिच्या जागी २० लिटरची नवी टाकी इंजिनाच्या शेजारी तळाला बसली.

आता टाकी भरलेली असताना पेट्रोलची पातळी पंपाच्या १० सेंटीमीटर खाली असे आणि टाकी तळाला गेली की ३८ सेंटीमीटर खाली. जे पेट्रोल आजवर उतरत होते ते आता चढवायचे होते. त्यासाठी फॅब्रिकेटरने तीन निपलांचा चपटा व्हॅक्यूम पंप बसवला. त्याने निवडलेला पंप चांगला होता. पंपाची क्षमता इंजिनाच्या गरजेच्या कितीतरी पट होती. पेटीची वेल्डिंगही इतकी सुबक होती की मांडणीवर शंका घ्यायला मन लवकर तयार होत नव्हते.

पंपाची उसनी ताकद

या पंपात मोटर नसते, कॅम नसतो, दट्ट्याही नसतो. दोन-तीन चकत्यांमध्ये दाबून बसवलेला पातळ पडदा, म्हणजे डायफ्राम, आणि पेट्रोलच्या अंगाला एकाच दिशेने उघडणाऱ्या दोन झडपा, एवढेच त्याचे अवयव. पडद्याच्या एका अंगाला पेट्रोल असते आणि दुसऱ्या अंगाला इंजिनाकडून नळीने आलेली हवा. हवेचा दाब उतरला की पडदा तिकडे ओढला जातो, पेट्रोलकडची जागा वाढते, आत येण्याची झडप उघडते आणि टाकीतले पेट्रोल आत शिरते. दाब चढला की पडदा परत ढकलला जातो, आत येण्याची झडप मिटते, बाहेर जाण्याची उघडते आणि तेच पेट्रोल कार्बोरेटरकडे जाते. बोलताना आपण पंप पेट्रोल ओढतो असे म्हणतो. वस्तुतः पंपातला दाब घटल्यावर टाकीतल्या पेट्रोलवरची बाहेरची हवा त्याला वर ढकलते. टाकीच्या झाकणाचे भोक बुजले की निर्दोष पंपही हात टेकतो, त्याचे कारण हेच.

दाबाचा हा चढउतार, ज्याला आम्ही ठोका म्हणतो, इंजिनाच्या क्रँककेसमधून, म्हणजे पिस्टनच्या खालच्या क्रँक फिरणाऱ्या बंद कप्प्यातून येतो. पिस्टनच्या डोक्यावर काय घडते ते गॅरेजमधल्या पोरालाही पाठ असते. पिस्टनच्या पायाखाली काय घडते याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. पिस्टन वर जातो तेव्हा त्याच्या खालची जागा सिलिंडरच्या घनफळाइतकी, येथे ३९० घनसेंटीमीटरने, वाढते आणि आतली हवा विरळ होते. पिस्टन खाली येतो तेव्हा तेवढीच जागा घटते आणि हवा दाबली जाते. फोर-स्ट्रोक असो की टू-स्ट्रोक, क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक ओढ आणि एक रेटा ठरलेला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे या जातीचा जनरेटर मिनिटाला ३००० फेऱ्यांवर, म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्यांवर, बांधलेला असतो. म्हणून पंपाचा पडदाही सेकंदाला ५० वेळा आतबाहेर होतो.

जनरेटरचा गव्हर्नर फेरे कायम ठेवतो, लोड असो वा नसो. फेरे कायम म्हणजे पडद्याचे ठोकेही कायम, आणि म्हणून पंपाची पेट्रोल देण्याची कुवतही जवळपास कायमच; इंजिनाची भूक मात्र लोडबरोबर दुपटीने वाढते. लोड नसताना दिवसभर चालणारे आणि लोड टाकताच मरणारे इंजिन पाहिले की पंपाची कुवत या दोन भुकांच्या मध्ये कोठेतरी अडकली आहे, हा तर्क पहिल्या पाच मिनिटांत करता यायला हवा होता. तो मला दुसऱ्या दिवशी सुचला.

कुवत भुकेपेक्षा जास्त असली तर मात्र काही बिघडत नाही. कार्बोरेटरची वाटी भरली की फ्लोट वर येऊन सुई बसते, पुढची वाट बंद होते, पडद्याला पेट्रोलचा अडसर लागतो आणि तो जागीच थबकतो. वाटीतले पेट्रोल घटले की सुई सुटते आणि पडदा पुन्हा हलू लागतो. या पंपाचा दाब इतका बेताचा असतो की नीट बसलेली सुई तो सहज अडवून धरते, म्हणून परतीची वेगळी नळी लागत नाही.

ठोका घेण्याची दुसरी जागा म्हणजे कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या मधला मॅनिफोल्ड. तेथेही ओढ असते, पण फोर-स्ट्रोक इंजिनात ती दोन फेऱ्यांत एकदाच मिळते आणि तिला रेट्याची जोड नसते. शिवाय लोड वाढला की थ्रॉटल उघडतो आणि थ्रॉटल उघडला की मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम पडतो. ज्या घडीला पेट्रोल सर्वांत जास्त हवे त्याच घडीला पंप सर्वांत दुबळा होतो. तेथे पडदा फाटला तर पेट्रोल त्याच नळीने सरळ इंजिनात ओढले जाते, तो उपद्रव वेगळाच. जनरेटरसारख्या लोडवर चालणाऱ्या यंत्राला मी मॅनिफोल्डवरून ठोका देत नाही.

दोन सिलिंडरच्या इंजिनाबाबत एक इशारा येथेच देऊन ठेवतो. दोन्ही पिस्टन एकदम वर आणि एकदम खाली जात असतील, किंवा समोरासमोरचे पिस्टन एकाच वेळी बाहेर आणि एकाच वेळी आत येत असतील, तर क्रँककेसमधला ठोका दमदार मिळतो. एक वर जाताना दुसरा खाली येत असेल तर एकाने वाढवलेली जागा दुसरा खाऊन टाकतो आणि ठोका जवळपास नाहीसा होतो. एका सिलिंडरवर जमलेली युक्ती तशा इंजिनावर जमत नाही.

तपासणी

पहिल्या दिवशी मी वाटेवरच्या नेहमीच्या संशयितांकडे गेलो. टाकीचे झाकण सैल ठेवून लोड टाकला. इंजिन चौथ्या मिनिटाला मेले. गाळणी बदलली, टाकीतल्या नळीचे टोक पाहिले, नळ्यांच्या क्लिपा आवळल्या, कारण ओढीच्या बाजूला सुईच्या टोकाएवढी फट असली तरी पंप पेट्रोलऐवजी हवा पितो आणि फट बाहेरून दिसत नाही, कारण तेथून पेट्रोल गळत नाही. काही फरक पडला नाही. मग पंप उघडला. पडदा किंचित ताठरला होता, पण फाटलेला नव्हता. मेडिकलमधून आणलेली २० मिलीची सिरिंज ठोक्याच्या निपलला लावून दट्ट्या ओढून धरला तर ओढ टिकून राहिली. तरीही मी गोणीतल्या दोन पंपांशेजारी तिसरा ठेवला आणि चौथा नवा बसवला. ते माझे चुकलेच. तपासणीत निर्दोष ठरलेला भाग बदलायचा नाही एवढा नियमही मी त्या दिवशी पाळला नाही. नव्या पंपानेही तेच केले: तीन मिनिटे पन्नास सेकंद आणि बंद.

दुसऱ्या दिवशी मी भाग बदलणे थांबवून मोजमापाला बसलो. एका लिटरच्या बाटलीला बुडाशी कॉक बसवून ती इंजिनापासून दूर, स्टँडवर, कार्बोरेटरच्या वर टांगली आणि तिची नळी थेट कार्बोरेटरला जोडली. हे काम पेटीची झाकणे काढून, उघड्यावर, आग विझवण्याचे सिलिंडर हाताशी ठेवून आणि एका माणसाचा हात कॉकवर ठेवूनच करावे. तापलेल्या सायलेन्सरजवळ पेट्रोलच्या बाटलीचा खेळ एकट्याने करण्याजोगा नाही. बाटलीवर इंजिन वीस मिनिटे पूर्ण लोडवर चालले. क्लॅम्प मीटरवर १६ अँपिअर, म्हणजे साधारण ३.७ किलोवॉट, आणि इंजिनाने एकदाही सूर सोडला नाही. कार्बोरेटर, प्लग, कॉइल, व्हॉल्व्ह या सगळ्यांची एका फटक्यात सुटका झाली. त्याच बाटलीवरून खपही कळला: पूर्ण लोडवर ५०० मिली पेट्रोल साडेबारा मिनिटे पुरले, म्हणजे मिनिटाला ४० मिली, लोड नसताना मिनिटाला १८ मिली.

मग इंजिन बाटलीवरच चालू ठेवून पंपाची बाहेर जाणारी नळी कार्बोरेटरच्या उंचीवर धरून मोजपात्रात सोडली. पंप आता इंजिनाच्या ठोक्यावर चालत होता, पण इंजिन त्याच्यावर अवलंबून नव्हते, त्यामुळे त्याची कुवत निखळ मोजता आली. टाकी काठोकाठ असताना मिनिटाला ४१ मिली आले. टाकी निम्म्यावर आणली तेव्हा २८ मिली.

मुलाचे वाक्य तेव्हा आठवले. भरलेल्या टाकीवर ४१ मिली मिळत होते आणि ४० लागत होते, म्हणजे इंजिन कसेबसे तग धरत होते. निम्म्या टाकीवर मिनिटाला १२ मिलीची तूट पडत होती. या कार्बोरेटरच्या वाटीत सुमारे ३५ मिली पेट्रोल मावते आणि पातळी ठरावीक हद्दीखाली गेली की मेन जेटला, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाला, हवा लागून इंजिन फुरफुरू लागते. बारा-बाराने पस्तीस संपायला तीन मिनिटे. मंडपातला लोड वरखाली होत राहतो म्हणून कधी चार. तक्रारीतले तीन-चार मिनिटे वाटीच्या पोटातून निघाले होते. इंजिन मेल्यावर पाच मिनिटे बिनलोडवर चालवले की ते पुन्हा शहाण्यासारखे वागे, कारण १८ मिलीच्या खपावर वाटी परत भरून येई.

आता प्रश्न असा की टाकीची पातळी थोडी खाली जाताच एवढ्या क्षमतेचा पंप इतका ढेपाळतो कसा. ३८ सेंटीमीटर पेट्रोल उचलायला पाण्याच्या २८ सेंटीमीटर स्तंभाइतकी ओढ लागते. चांगल्या ठोक्याला ती जड नाही. म्हणजे ठोकाच चांगला नव्हता. पंपावरून ठोक्याची नळी सोडवून तिच्या तोंडाशी पतंगाच्या कागदाची पट्टी धरली. क्रँककेसशी नीट जोडलेल्या नळीच्या तोंडाशी असा कागद जागच्या जागी फरफर करतो, आणि बोट ठेवले तर पेराला एकदा चिकटते, एकदा सुटते, इतक्या झपाट्याने की मुंगी आल्यासारखे वाटते. येथे कागद फक्त बाहेरच्या बाजूला उडत होता. बोटाला फुंकर लागत होती, ओढ लागत नव्हती.

नळीचा माग काढला तेव्हा उलगडा झाला. फॅब्रिकेटरने इंजिनाला भोक पाडायचे टाळून ब्रीदरच्या, म्हणजे क्रँककेसमधली जादा हवा बाहेर सोडणाऱ्या, नळीत टी, म्हणजे तीन तोंडांचा सांधा, बसवला होता आणि तेथून पंपाला ठोका दिला होता. वरवर पाहता ही नळी क्रँककेसमधूनच येते, त्यामुळे कोणालाही ती सोयीची वाटावी. पण ब्रीदरच्या तोंडाशी, टॅपेट कव्हरच्या, म्हणजे व्हॉल्व्हांवरच्या झाकणाच्या, आतल्या कप्प्यात, एक पातळ पोलादी पट्टीची झडप असते. पिस्टन खाली येताना ती उघडून आतली हवा बाहेर सोडते आणि पिस्टन वर जाताना मिटून बाहेरची हवा आत येऊ देत नाही. क्रँककेसमधला सरासरी दाब बाहेरच्यापेक्षा थोडा कमी राहावा आणि ऑइल सीलमधून तेल पाझरू नये म्हणून ही योजना असते. म्हणजे फॅब्रिकेटरने ठोका घेतला होता तो झडपेच्या पलीकडून, जेथे ओढ पोचतच नाही. शिवाय ही नळी पुढे एअर क्लीनरला उघडी होती, त्यामुळे जो रेटा यायचा त्यातलाही मोठा वाटा तिकडे निघून जायचा. पंप चालत होता तो त्या उरल्यासुरल्या फुंकरीवर आणि पडद्याच्या स्वतःच्या लवचिकपणावर.

एवढे पुरेसे नव्हते म्हणून की काय, टीपासून पंपापर्यंतची नळी होती गवंडी लेव्हल लावायला वापरतात ती पारदर्शक, मऊ, ९० सेंटीमीटर लांब. पेटीतल्या उष्णतेने ती बोटाने चेपावी इतकी नरमली होती. अशी नळी प्रत्येक ठोक्यासरशी स्वतःच फुगते आणि आक्रसते. ठोक्याचे बळ नळीच्या भिंतीत मुरते आणि पंपापर्यंत पोचेतो त्याचा जीव गेलेला असतो. वर ती मध्ये झोळीसारखी लोंबत होती. सोडवून उलटी केली तर तिच्या पोटातून दोन चमचे राखी-पांढरी साय पडली, ब्रीदरच्या वाफेतले पाणी आणि तेल घुसळून झालेली. तेलाचा असा बोळा मध्ये बसला की हवेचा ठोका त्याला रेटत बसतो. टेम्पोवाल्याने ती साय पाहून इंजिनात पाणी गेले काय असे विचारले. तसे काही नव्हते.

माझ्याआधीच्या एका मेस्त्र्याने ब्रीदरची नळी एअर क्लीनरकडून चिमटा लावून बंद करायचा सल्ला दिला होता, असे मंडपवाल्यांनी नंतर सांगितले. त्यांनी तो ऐकला नाही हे बरे झाले. ब्रीदर कोंडला असता तर पिस्टनच्या रिंगांवरून सतत उतरणाऱ्या वायूला वाट उरली नसती, आणि क्रँकचे ऑइल सील उखडले गेले असते.

दुरुस्ती

ठोका कोठून घ्यायचा यावर थोडा विचार करावा लागला. सर्वांत सोपी जागा तेल भरण्याच्या बुचाची; बूच काढायचे, त्याला निपल बसवायचे, झाले. पण या जातीच्या इंजिनात तेलाची पूर्ण पातळी त्या बुचाच्या काठापर्यंत असते आणि कनेक्टिंग रॉडचा चमचा तेल चहूकडे उडवत असतो. तेथे निपल बसवले असते तर पंपाने हवेपेक्षा तेलच जास्त पाहिले असते. म्हणून टॅपेट कव्हर निवडले. पुशरॉडच्या वाटेने ती जागा क्रँककेसशी मोकळी जोडलेली असते आणि ती तेलाच्या पातळीच्या बरीच वर असते.

कव्हर सोडवून टेबलावर घेतले, कारण ते जागेवर ठेवून भोक पाडले तर धातूचा चुरा सरळ इंजिनात जातो. आत ब्रीदरचा कप्पा कोठे संपतो ते पाहून त्याच्या बाहेर, झडपेच्या अलीकडे, पितळी निपल आट्यांवर बसवले आणि सीलंट लावून आतून नट आवळला. ब्रीदरची नळी टी काढून पूर्वीसारखी एअर क्लीनरला जोडली. पंप हलवून टॅपेट कव्हरच्या थोडा वर आणला, म्हणजे ठोक्याच्या नळीत शिरलेले तेल आपल्या वजनाने परत इंजिनात उतरावे. नळी घेतली आत दोऱ्याचे विणकाम असलेली, जाड भिंतीची, फक्त २२ सेंटीमीटर लांब आणि कोठेही न लोंबणारी. ठोक्याची नळी आखूड ठेवावी; लांबी लागणारच असेल तर ती पेट्रोलच्या नळीला द्यावी.

पंप वर नेल्यामुळे ओढीची उंची चार सेंटीमीटरने वाढली होती. तरीही निम्म्या टाकीवर मोजपात्रात मिनिटाला दीडशे मिलीच्या वर पेट्रोल आले. टाकी तळाला नेऊन पाहिले तेव्हा १२० भरले, म्हणजे भुकेच्या तिप्पट. कागदाची पट्टी आता नळीच्या तोंडाशी फडफडत उभी राहत होती. पूर्ण लोडवर दोन तास चालवले, आणि शेवटच्या अर्ध्या तासात टाकी मुद्दाम तळाला ठेवली. इंजिन थांबले नाही.

पेटीबद्दल माझे समाधान मात्र झाले नव्हते. इंजिन आणि टाकी एका कोंडलेल्या पत्र्यात शेजारी शेजारी ठेवणे मला पसंत नाही. पेट्रोलमधले हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतात आणि ओढीच्या नळीत दाब कमी असल्यामुळे आणखी लवकर. त्या वाफेचे बुडबुडे पंपात शिरले की झडपा नुसत्या हवेवर टाळ्या वाजवतात. मधे पत्र्याची आडभिंत घालून घेतली, टाकीच्या कप्प्याला खालीवर जाळ्या पाडायला लावल्या आणि पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या बाजूने काढून उलट बाजूने नेली. एवढ्या कामाला मंडपवाल्यांनी फार खळखळ केली नाही. निपल आणि नळीचे बिल पाहून त्यांनी एकदा गोणीकडे पाहिले, इतकेच.

जाताना त्यांना तेल तपासायची सवय लावून दिली. क्रँककेसवर चालणाऱ्या पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल ठोक्याच्या नळीने क्रँककेसमध्ये उतरते. मग तेलाची पातळी घटायच्या ऐवजी वाढलेली दिसते, तेल पातळ होते आणि काडीला पेट्रोलचा वास येतो. अशा तेलावर इंजिन चालवले तर बेअरिंगची धडगत नसते. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, आणि ज्या जिल्ह्यात कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरांमागे थांबून आपले निम्मे आयुष्य गेले, तेथे इथेनॉल कोठून येते हे सांगायला नको. जुन्या जातीचे नायट्राइल रबर या मिश्रणात फुगते आणि वाळल्यावर ताठरते, म्हणून पडद्यांचा एक जादा जोड, इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचा, डब्यात ठेवायला दिला. पावसाळ्यात लग्ने थांबतात आणि जनरेटर तीन-चार महिने पडून राहतो. इथेनॉल हवेतली ओल धरते, म्हणून टाकी, पंप आणि वाटी रिकामी करूनच तो झाकून ठेवायचा, हेही सांगितले.

उरलेली एक तक्रार

दहा-बारा दिवसांनी मुलाचा फोन आला. जनरेटर लग्नात पाच तास चालला होता, ग्राइंडर, पंखे आणि साउंड एकदम लावूनही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू करताना दोरी ओढून ओढून त्याचा खांदा दुखावला होता. "चालू झालं की झकास हाय ओ, पण चालूच होत नाही लवकर," असे त्याचे म्हणणे.

ही तक्रार या पंपाच्या जन्मापासूनची आहे. पंप इंजिनाच्या ठोक्यावर चालतो आणि इंजिन पंपाच्या पेट्रोलवर; दोघेही एकमेकांची वाट पाहत बसतात. दोरीच्या एका ओढीत क्रँकचे तीन-चार फेरे होतात, तेही संथ, आणि तेवढ्या ठोक्यांत रिकामी नळी, गाळणी आणि वाटी भरायची असते. पंपाच्या झडपा कितीही चांगल्या असल्या तरी रात्रभरात पेट्रोल हळूहळू टाकीत परत उतरते. डोक्यावरच्या टाकीला हा त्रास कधी नव्हता. झुडपे कापायच्या ब्रशकटरला रबरी बटण याचसाठी असते. त्याच्या कार्बोरेटरच्या पोटातच असा छोटा पडद्याचा पंप असतो आणि त्याला क्रँककेसचा ठोका गॅस्केटमधल्या भोकातून मिळतो. काजूच्या बागेतून येणाऱ्या निम्म्या ब्रशकटरांत ते गॅस्केट कोणीतरी उलटे बसवून भोक झाकलेले असते, पण तो विषय निराळा.

जनरेटर पुन्हा आणवला नाही. बोटीच्या इंजिनाला लावतात तसा हाताने दाबायचा रबरी फुगा, ज्याच्या दोन्ही तोंडांशी आपापल्या झडपा असतात, मुलाकरवी मागवला आणि फोनवरूनच तो टाकी आणि पंप यांच्या मध्ये, बाण पंपाकडे करून बसवायला सांगितले. फुगा दाबत राहायचा, वाटी भरून सुई बसली की तो हाताला घट्ट लागतो, मग दाबणे थांबवून चोक लावायचा आणि दोरी ओढायची. पहिल्या दिवशी त्याने बाण उलटा बसवला आणि फुगा एकदा दाबला तो चेपलेलाच राहिला; पेट्रोल पुढे जाण्याची वाटच त्यात बंद झाली होती. बाण सुलटा केल्यावर नऊ दाब लागले आणि दुसऱ्या ओढीला इंजिन लागले.